उजव्या हाताचा बास गिटार डावखुऱ्याने उलटा करून वाजवण्याबद्दल
नुसत्या तारा उलट्या लावल्या की उजवा बास डावा होतो असं वर कोणीतरी म्हटलंय, पण तेवढ्यावर भागत नाही हो. नटच्या (मानेच्या टोकाला तारा धरणारी पट्टी) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यात जाड ई तार सगळ्यात बारीक जीच्या खाचेत बसतच नाही आणि जी तार ईच्या खाचेत सैल पडून खडखडते, म्हणजे नट नवा लागणारच, शिवाय ब्रिजवर (तारांच्या दुसऱ्या टोकाचा आधार) इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, परत जुळवा. मी केलंय हे सगळं. पण खरा वैताग आवाज कमीजास्त करायच्या नॉबचा, ते नेमके हाताखाली येतात आणि ऐन गाण्यात आवाज गायब! बीटल्सच्या डावखुऱ्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनर कंपनीचा बास व्हायोलिनच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून डावा असूनही विचित्र दिसत नाही. अँपला (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) मात्र डावंउजवं नसतं, तो बिनधास्त घ्या.