रामलिंगचा धबधबा: जुलैत नको, सप्टेंबरात जा

‘सोलापूरकरांना धबधबा बघायचा तर थेट सह्याद्री गाठावा लागतो’, हे काही पटलं नाही बुवा. नळदुर्ग किल्ल्यातला नर-मादी धबधबा आहेच, पण तिथं चालणं असं नाही. पायवाट हवी असेल तर बार्शीच्या पुढे येडशीजवळचं रामलिंग बघा की. बालाघाटाच्या घळीत महादेवाचं देऊळ, पायऱ्या उतरून जायचं. देवळाच्या आसपासच धबधबा आहे, पण तो बारमाही नाही. आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. पुण्या-मुंबईकडचे फोटो बघून आपण जुलैत निघतो. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात! मी एकदा जुलैत गेलो तर काळ्या कातळावर नुसता ओला पट्टा होता. पुढं गणपती उठल्यावर गेलो, तेव्हा बोलणं ऐकू येईना एवढं पाणी.

शेवाळलेल्या दगडावर चप्पल चालत नाही, बूट घाला. आणि माकडं! कडक भाकरी तशीच ठेवून शेंगाचटणीची पुडी तेवढी नेली पठ्ठ्यानं.