शब्दचर्चा: प्रदर्शनाच्या पाटीवर ‘कवटी’ चालेल का?

रिकामीचौकट
एका कलाप्रदर्शनाचा मजकूर मराठीत आणतेय. विषय आहे आजच्या कलेतलं मरण आणि कवट्या. संपादकांनी माझ्या मजकुरातली प्रत्येक ‘कवटी’ खोडून ‘नरमुंड’ केलंय. म्हणे, कवटी म्हटलं की विषाची बाटली आणि विजेच्या खांबावरची धोक्याची पाटी आठवते. मला ‘नरमुंड’ वाचून मांत्रिक दिसतो! प्रश्न दोन. एक, कवटी, कपाल, करोटी, मुंड यांतलं काय ठेवू? दुसरा, ‘मेमेंटो मोरी’ला, म्हणजे मरणाची आठवण करून देणाऱ्या कलाकृतीला, काय म्हणायचं? ‘मृत्युस्मरण’ लिहिलंय, पण ते श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखं वाटतंय. सोमवारी मजकूर द्यायचा आहे.

टाकबोरू
मुंड म्हणजे धडावेगळं केलेलं डोकं, केस-कातडी-डोळ्यांसकट. मुंडकं उडवतात, कवटी कोणी उडवत नाही. मुंडाला मारणारा लागतो, कवटीला नुसता काळ पुरतो. संपादकांना एवढंच सांगा.

नामसाधित
काका, मुंडमाळेत चित्रकार सर्रास कवट्याच काढतात की. वापरात दोन्ही एकच झालंय.

टाकबोरू
चित्रकारांनी काढलं म्हणून कोश बदलत नाही.

नामसाधित
कोश बदलतो तो वापरणाऱ्यांमुळेच. असो. या विषयावर आपलं आधीही वाजलंय.

रिकामीचौकट
हा फरक मला कामाचा आहे. यादीत अमेरिकी चित्रकार बास्किआचं १९८१चं एक चित्र आहे. त्याला शीर्षक नाही, पण जग त्याला कवटीच म्हणतं. प्रत्यक्षात त्यात डोळे आहेत, दात आहेत, टाके घातल्यासारख्या रेघा आहेत. अर्धं जिवंत, अर्धं हाड. याला काय म्हणू?

टाकबोरू
डोकं म्हणा.

नामसाधित
आणि मग वाचक विचारणार, कवट्यांच्या प्रदर्शनात हे डोकं काय करतंय.

हाडवैरी
वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस म्हणून दोन पैसे टाकतो. ‘करोटी’ हा शब्द मी परिभाषेच्या पुस्तकाबाहेर कधीच ऐकला नाही. पहिल्या वर्षी आम्हाला हातात कवटी दिली आणि शिवणी मोजायला सांगितल्या. हो, कवटीच्या हाडांच्या सांध्यांना शिवणच म्हणतात आणि त्या दिसतातही टीप घातल्यासारख्या, नागमोडी. सगळे ‘कवटी’ किंवा ‘स्कल’ म्हणत होते, करोटी एकानेही नाही. तेव्हा करोटी बाद.

देवभाषाभिमानी
तुमच्या वर्गाने म्हटलं नाही म्हणून शब्द बाद होत नसतो. करोटि हा शुद्ध संस्कृत शब्द आहे, आणि आपली नारळाची करवंटी त्याच घरातली असावी असं माझं मत आहे. पण पाटीवर मी ‘कपाल’च घेईन. त्यात भारदस्तपणाही आहे आणि अर्थाची एक जास्तीची घडीही. संस्कृतात कपाल म्हणजे डोक्याचं हाड, शिवाय वाडगा आणि खापरीसुद्धा.

रिकामीचौकट
वाडगा?? थांबा. यादीत सुबोध गुप्तांचं २००६चं शिल्प आहे. स्टीलची भांडीकुंडी जोडून केलेली प्रचंड कवटी. २००७मध्ये व्हेनिसला पलाझ्झो ग्रासी या कलासंग्रहालयाच्या बाहेर, कालव्याच्या काठावर ठेवली होती तीच. भांड्यांचं कपाल!

देवभाषाभिमानी
पाहा, शब्दाने शिल्पकाराच्या आधीच ते करून ठेवलंय.

तिरपाकाना
आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे मडकं. तेच पुढे बोलीत डोक्यासाठी वापरू लागले आणि त्यातून फ्रेंचमधला डोक्याचा शब्द ‘तेत’ आला. जर्मन ‘कोप्फ’ही मुळात पेल्याचा शब्द. आपलं ‘खापर’ ज्या ‘खर्पर’वरून आलं, त्यालाही संस्कृतात भिक्षापात्र आणि कवटी असे दोन्ही अर्थ आहेत. माणसाला डोकं बघून भांडं आठवतं, मग ते कुठलंही असो.

टाकबोरू
‘कपाल’ पाटीवर लिहिलंत तर शंभरातले नव्वद लोक कपाळ वाचतील. कपाळाला हात लावतील ते वेगळंच.

देवभाषाभिमानी
वाचकाला अडाणी समजून भाषा खाली आणायची असेल तर चर्चाच कशाला?

नामसाधित
खाली-वर काही नसतं. येशूला जिथे क्रुसावर चढवलं त्या गुलगुथाचा अर्थ मराठी बायबलात ‘कवटीची जागा’ असाच दिलाय. तिथे तो शब्द कुणाला हलका वाटला नाही, तर प्रदर्शनाच्या पाटीवर का वाटावा?

उगाचएक
मध्येच विचारतो. ‘कवटाळणे’ कवटीवरूनच आलं असेल ना? दोन्ही हातांनी डोकं छातीशी धरणे. आजी असंच सांगायची.

टाकबोरू
आजीचा मान राखून सांगतो, नाही. जुन्या मराठीत कवटाळ म्हणजे जादूटोणा, कवटाळीण म्हणजे चेटकीण. आधी तिकडे बघा.

उगाचएक
चेटकीण आणि कवटी, मग तर संबंध आणखी पक्का झाला!

टाकबोरू
🙏

हाडवैरी
आणि कवठ? तेही कडक कवचाचं, डोक्यासारखं गोल.

देवभाषाभिमानी
कवठ ‘कपित्थ’वरून. दिसायला सारखं म्हणून नातं जुळवायचं नसतं.

हाडवैरी
करवंटीला करोटीशी जुळवताना हे आठवलं नव्हतं वाटतं.

रिकामीचौकट
मंडळी, दुसरा प्रश्न तसाच पडलाय. मेमेंटो मोरी. लॅटिनमध्ये ती आज्ञा आहे: ‘आठव, तुला मरायचंय.’ मृत्युस्मरण म्हटलं की आज्ञा जाते, नुसता विधी उरतो.

तिरपाकाना
शिवाय त्या आज्ञेत थोडी दगाबाजीही असते. होल्बाइन या चित्रकाराचं १५३३चं दोन राजदूतांचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहिलं. समोर उभं राहिलं की पायांशी एक राखाडी, लांबुळका डाग दिसतो, जणू कुणी फरशीवर काहीतरी सांडलंय. उजव्या कडेला भिंतीजवळ जाऊन तिरपं पाहिलं की त्याची कवटी होते, आणि त्याच क्षणी ते दोघे, त्यांची वाद्यं, त्यांचे गोल सगळे चपटून जातात. दोन्ही एकदम दिसतच नाही. ‘स्मरण’ या शब्दात हे कुठे बसवणार? मी ‘मरणखूण’ म्हणेन.

देवभाषाभिमानी
‘मृत्युनिरूपण’ हा तयार शब्द आहे. दासबोधात त्या नावाचा अख्खा समास आहे.

नामसाधित
निरूपण कीर्तनकार करतात, चित्र खूण करतं. मरणखूण छान आहे. नाहीतर सरळ देवनागरीत ‘मेमेंटो मोरी’ ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. ‘टेबल’ पचलं तसं हेही पचेल.

देवभाषाभिमानी
टेबल पचलं कारण मेजाची उपासमार केली.

टाकबोरू
मेज फारसी आहे हो.

रिकामीचौकट
बरं, हे एक वाक्य बघा, यात काही खटकतंय का? ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टच्या २००७च्या कामाबद्दल: ‘८,६०१ हिऱ्यांनी मढवलेली मानवी कवटी.’

टाकबोरू
दोन चुका. हिरे जडवतात. मढवायला पत्रा नाहीतर चामडं लागतं: मूर्ती सोन्याने मढवतात, मृदंग कातड्याने मढवतात. आणि ती मानवी कवटी नव्हेच. अठराव्या शतकातल्या एका माणसाच्या कवटीवरून केलेलं प्लॅटिनमचं ओतकाम आहे. खरे आहेत ते फक्त दात.

उगाचएक
मढवणे मढ्यावरूनच आलं असणार! मग हिऱ्यांनी मढवलेलं अगदी चपखल आहे.

हाडवैरी
याला कोणीतरी आवरा.

नामसाधित
पाच कोटी पौंड सांगितलेल्या वस्तूला काय ‘मढवलंय’ ते बघणाऱ्यालाच ठरवू दे. हाडावर बाहेरून चढवलेलं कातडं म्हणून मला मढवणंच आवडतं. दात तेवढे उघडे ठेवलेत.

टाकबोरू
आवडणं वेगळं, बरोबर असणं वेगळं.

तिरपाकाना
त्या कामाच्या शीर्षकाचं, ‘फॉर द लव्ह ऑफ गॉड’चं, काय केलंत? ‘देवाच्या प्रेमाखातर’ नको हं. ते इंग्रजीत वैतागून म्हणतात. हर्स्टची आईच म्हणे म्हणाली होती, आता पुढे काय करणार आहेस बाबा, अशा सुरात. मराठी आई ‘अरे देवा’ म्हणाली असती.

रिकामीचौकट
‘देवा रे देवा’ लिहिलंय. संपादकांनी त्याखाली लाल रेघ मारलीय. आणि कवटी-कपालाचं कोणी ठरवलंच नाही!

देवभाषाभिमानी
मी ठरवलं आहे. कपाल.

टाकबोरू
कवटी.

हाडवैरी
कवटी. पण बास्किआला ‘डोकं’.

उगाचएक
जडवतात ते हिरे, मग ‘जडजवाहीर’मधला ‘जड’ हाच का? की वजनाचा जड?

टाकबोरू
हा प्रश्न मात्र चांगला आहे. माझ्या मते जडावाचा. पण उलट बाजूने सांगणारे भेटलेत, त्यांचं म्हणणं असं की…