गॅरेजच्या लाल दोरीला केबल टाय बांधावा का?

नीरजा_चेंबूर

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका बंगल्याच्या गॅरेजमधून सायकल, ड्रिल मशीन आणि गाडीची स्टेपनी गेली. कुलूप तुटलं नव्हतं, पत्रा वाकला नव्हता. दार मोटरवर चालणारं, वर छताखाली सरकत जाणारं. चोरानं वरच्या फटीतून आकडा केलेली तार आत घातली, मोटरच्या पट्टीवरच्या खटक्यात अडकवली आणि ओढली. त्या खटक्याला आतून लाल दोरी लोंबत असते. वीज गेली की ती ओढायची. मोटर आणि दार सुटं होतं आणि दार हातानं वर करता येतं. चोरानं तेच बाहेरून केलं.

तेव्हापासून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सल्ला फिरतोय: खटक्याच्या भोकातून केबल टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) घाला आणि करकचून आवळा, म्हणजे तारेनं खटका ओढला जाणार नाही. चार घरांनी तसं केलंही. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन तेवढ्यासाठी आला तेव्हा मी त्याला थांबवलं, आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद चालला आहे.

माझं म्हणणं सांगते. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गुडघ्यांमुळे जिना होत नाही म्हणून गॅरेजच्या मागची खोली आम्ही त्यांना करून दिली. त्या खोलीचं एक दार स्वयंपाकघरात उघडतं, दुसरं गॅरेजमध्ये. खिडकीला ग्रिल. गॅरेजमध्ये मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर चार्जिंगला असते. स्वयंपाकघराच्या बाजूला सिलिंडर. उद्या तिथे काही पेटलं तर सासूबाईंना बाहेर पडायला गॅरेजचं दारच उरतं, आणि अशा वेळी आपण मेन स्विच पाडतो, म्हणजे मोटर बंद.

रविवारी मी करून पाहिलं. दार बंद, मोटरची वीज बंद, खटक्याला साधा पांढरा टाय. सासूबाईंना म्हटलं, ओढा. त्यांनी एकदा ओढली, मग दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी ओढली. टाय जागचा हलला नाही. दोरी तळव्यात रुतून लाल वळ उठला. टाय कापला तेव्हा तीच दोरी एका हाताच्या हिसक्यात सुटली.

चोर अडवायला दुसरे शंभर मार्ग आहेत. बाहेर पडायची वाट बांधून टाकणं हा त्यातला मार्ग नाही, असं मला ठामपणे वाटतं. तुमचं काय मत?

दादरकर७१

नीरजाताई, तुमच्या सासूबाईंची काळजी समजते, पण मी असहमत आहे.

दोन वर्षांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास आमच्या खालच्या गॅरेजमध्ये माणूस शिरला होता. गॅरेजमधून घरात यायचं दार नुसतं लोटलेलं. पाण्याला उठलेल्या बायकोला तो पॅसेजमध्ये समोरासमोर दिसला. तो पळाला, पण त्यानंतर तीन महिने ती रात्री दिवा लावून झोपायची. आग लागेल तेव्हा लागेल. चोर माझ्या घरात येऊन गेला आहे. मी शटरला आतून कुलूप घातलं, आणि तेव्हापासून आम्ही झोपतो.

शिवाय ती दोरी मुळात गाडी बाहेर काढायला आहे, माणसांना नव्हे. माणसं मुख्य दारानं जातात. शंभरातल्या नव्वद घरांत गॅरेज हा एकमेव रस्ता नसतो. तुमच्या घराची रचना वेगळी आहे म्हणून सगळ्यांनी टाय काढायचा का?

शटरमिस्त्री

नमस्कार. कुर्ल्यात बावीस वर्षं शटरचं काम करतो. टायबद्दल पहिलं सांगतो. अडीच मिलिमीटर रुंदीचा बारीक टाय साधारण आठ किलोच्या ओढीला तुटतो. पावणेपाच मिलिमीटरचा, जो बहुतेक लोक लावतात, तो बावीस किलोच्या आसपास धरतो. त्यातून खटक्यात दोन वेढे दिले तर धडधाकट माणसालाही तो तुटायचा नाही. बारीक टाय लावला तर घरातला माणूस हिसका देऊन तोडू शकतो, पण वरच्या फटीतून तिरकी तार घातलेल्या चोराला तेवढा जोर सहसा मिळत नाही. म्हणजे टाय लावायचाच असेल तर बारीक, एकच वेढा, आणि लावल्यावर घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाकडून ओढून बघायचा. तुटला नाही तर काढून टाकायचा.

आता मुंबईतली खरी गोष्ट. इथे वर सरकणारी दारं थोडी, गुंडाळणारी लोखंडी शटरं जास्त. त्यांना लाल दोरीचा प्रश्नच नाही. साईड मोटर, म्हणजे शटरच्या एका बाजूला बसवलेली, असेल तर आत लोखंडी साखळी लोंबते, ती ओढून शटर वर घ्यायचं. पण साखळीनं शटर हळूहळू चढतं, डोक्याइतकं वर यायला कित्येक हात साखळी ओढावी लागते. सेंट्रल मोटरला, म्हणजे वर मधोमध दांड्यावर बसवलेलीला, ब्रेक सोडायची वायर असते. ती ओढून धरली की शटर हातानं उचलता येतं. ती वायर बऱ्याच ठिकाणी फिटिंगवाला वरच्या बॉक्समध्येच गुंडाळून ठेवतो, कारण खाली सोडली की मुलं ओढतात. मालकाला ती कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

आणि शटरचा चोर तार घालत बसत नाही. तो मधोमध कटावणी किंवा जॅक लावून पट्ट्या वाकवतो आणि खालून सरपटत आत येतो. दोन्ही बाजूंना कुलपं असली तरी मधला भाग मोकळा असतो ना.

अभय_पार्ले

मिस्त्रींनी सांगितलेली ती गुंडाळलेली वायर आमच्याकडे होती.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. बाबांचं डायलिसिस अकराला. गाडी आत, शटर बंद. मी बटण दाबत राहिलो. मग शिडी शोधली, बॉक्सचं झाकण उघडलं, आत धुळीनं माखलेली वायर वेटोळं करून तारेनं बांधलेली. ओढली तर ब्रेक सुटला, पण शटर उचलायला मला खालच्या दुकानातल्या दोघांना हाक मारावी लागली. बाबा तोवर पायरीवर बसून होते. पस्तीस मिनिटं गेली.

आग नव्हती, पूर नव्हता, चोर नव्हता. नुसती वीज गेली होती. म्हणून दादरकरकाका, 'आग लागेल तेव्हा लागेल' हे मला पटत नाही. अडचण आगीचीच असते असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पार्ल्यातल्या कितीतरी तळमजल्यांवर पाणी शिरलं. बंद दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं की दार उघडायलाही जोर लागतो. त्यात वर कुलूप असेल तर?

मीनल_गोरेगाव

मी दादरकरकाकांच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणासाठी.

कोणी विम्याचा विचार केलाय का? घरफोडीच्या पॉलिसीत सहसा जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण मागतात. कडी तुटलेली, पत्रा वाकलेला, काहीतरी. तारेनं खटका ओढून दार उघडलं तर ओरखडासुद्धा राहत नाही. माझ्या मावसभावाचं तेच झालं. पंचनाम्यात 'दार सुस्थितीत' असं लिहिलं गेलं आणि दावा सहा महिने लटकला. त्यामुळे दार असं हवं की चोराला ते फोडावंच लागेल. टाय नको म्हणत असाल तर त्या खटक्याचं नेमकं काय करायचं ते सांगा. 'शंभर मार्ग' म्हणणं सोपं आहे.

नीरजा_चेंबूर

मीनलताई, रास्त प्रश्न. मी काय केलं ते लिहिते.

दाराच्या वरच्या कडेला आतून ॲल्युमिनियमची एल पट्टी मारली आणि बाहेरून जाड रबर. आता फटीतून तार सरळ जातच नाही. मग खटक्याच्या दाराकडच्या बाजूला तळहाताएवढा पत्रा, वाकवून आडोशासारखा बसवला, तोही मोटरच्या सरकणाऱ्या भागालाच, म्हणजे त्याच्यासोबत फिरतो. बाहेरून आलेली तार त्या पत्र्यावर आपटते. आतून खाली लोंबणारी दोरी मात्र तशीच मोकळी. नवऱ्यानं बाहेर उभं राहून तासभर तार घालून पाहिली, जमली नाही. कामाला एक दुपार गेली.

गॅरेजमधून घरात येणारं दार बदललं. आधी पोकळ फ्लश डोअर होतं, आता भरीव, आणि त्याला असं लॅच की आतून नुसती मूठ फिरवली की उघडतं, किल्ली लागत नाही. दादरकरकाका, खरं सांगू, तुमच्याकडे तो माणूस पॅसेजपर्यंत आला तो या दारामुळे. गॅरेजचं दार कितीही पक्कं केलं तरी हे दार लोटलेलं असेल तर उपयोग काय?

आणखी एक. जुने रिमोट एकच ठरलेला कोड पाठवतात, त्यांची नक्कल करणारे स्वस्त रिमोट बाजारात मिळतात. आमचा होता तसाच. आता प्रत्येक वेळी कोड बदलणारा घेतला, आणि तो गाडीत ठेवणं बंद केलं.

'दोरी गाडीसाठी आहे' यावर एवढंच. २०१७ च्या वणव्यांत कॅलिफोर्नियात वीज गेली आणि माणसं गॅरेजमध्ये अडकली, कारण दार हातानं उचलणं सगळ्यांना जमलं नाही. त्यानंतर तिथे कायदा झाला: १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅरेज मोटरला बॅटरी बॅकअप हवाच. आपल्याकडेही २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडायचं दार आतल्या बाजूनं किल्लीशिवाय उघडलं पाहिजे असं म्हटलं आहे. माझं गॅरेज कागदावर 'एक्झिट' नसेल, पण सासूबाईंसाठी ते आहे.

दादरकर७१

बॅटरी बॅकअपचा मुद्दा मान्य. पण किल्लीचं कुलूप मी काढणार नाही. पत्रा आणि रबरानं तार अडेल, कटावणी नाही. रात्री आत दोन म्हातारी माणसं. कुलूप आतून आहे, किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली आहे. यात अडचण काय?

शटरमिस्त्री

काका, अडचण अंधाराची आणि धुराची. धुरात माणूस खाली वाकून चालतो, खिळा डोळ्यांच्या उंचीवर. आणि पाहुणा आला की तीच किल्ली घेऊन कोणीतरी गाडी काढतो आणि खिशात घालून जातो. मी अशी कुलपं पहाटे ग्राइंडरनं कापली आहेत, मालक आत उभा.

कुलपाच्या जागी अडसर घाला. दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये (शटर ज्यात सरकतं त्या उभ्या खाचांत) घुसणारे जाड टॉवर बोल्ट, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, कडांपासून आणि फटीपासून इतके लांब की बाहेरून तार किंवा हात पोचणार नाही. मध्ये जमिनीत एक कोयंडा गाडा आणि तळपट्टीला कडी, म्हणजे कटावणीनं मधला भाग उचलला जाणार नाही. तिन्ही आतून हातानं सरकतात, एकालाही किल्ली नाही. चोराला बाहेरून पत्रा कापावा लागेल, त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला जातो. मीनलताईंना हवी ती खूणही राहते.

अडसर लावलेला असताना चुकून रिमोट दाबू नका, मोटर जळते किंवा पट्ट्या वाकतात. रात्री मोटरचा स्विच बंद करायची सवय लावा.

गावाला जाताना घर रिकामं असेल तर मात्र खुशाल सगळीकडे कुलपं घाला, टायही बांधा. आत कोणी नसताना कोणाची वाट अडणार? पण परत आल्यावर पहिल्या दिवशीच काढा.

वर सरकणाऱ्या दारवाल्यांना अजून एक. लाल दोरी फक्त दार पूर्ण खाली असताना ओढून बघा. स्प्रिंग तुटलेली असली आणि दार वर असताना खटका सोडला तर अख्खं दार अंगावर येतं. आणि दोरी ओढून खटका सुटल्यावर दार एका हातानं वर जात नसेल तर स्प्रिंग गेली असं समजा. ती स्वतः पिरगाळायला जाऊ नका, तिच्यात इतका ताण असतो की बोटं जातात.

मीनल_गोरेगाव

मध्यभागी कोयंडा आणि कडी, हे पटलं. विमावाल्याला दाखवायला फोटो काढून ठेवेन. टायबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे: घराला दुसरा मोकळा दरवाजा असेल, त्या बाजूला गॅस नसेल आणि गॅरेजला लागून कोणी झोपत नसेल तर मी तो ठेवेन.

अभय_पार्ले

त्या तीन अटी पुऱ्या होणारं घर मुंबईत मला दाखवा, मीनलताई. बहुतेकांच्या गॅरेजमध्ये ड्रायव्हर झोपतो, नाहीतर वॉचमन. साकीनाक्याच्या खैरानी रोडवर डिसेंबर २०१७ मध्ये फरसाणच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि बारा कामगार गेले. आपण ज्या जागेला 'गाडीची जागा' म्हणतो तिथे रात्री कोण असतं हे आधी बघूया.

दादरकर७१

आज दुपारी बायकोला घेऊन खाली गेलो. दिवा बंद केला, तिला म्हटलं कुलूप काढ. किल्ली खिळ्यावर होतीच. तिला चष्म्याशिवाय कुलपाचं भोक सापडेना, किल्ली दोनदा खाली पडली. मी मनात मोजत होतो, नव्वदपर्यंत मोजून थांबलो. ती म्हणाली, "मला त्या माणसाची भीती वाटते, पण याची जास्त वाटायला लागली."

कुलूप आजची रात्र राहील, उद्या अडसर बसवायला माणूस येतोय. घरात यायचं दार भरीव करायचं आहे, त्याचं माप घेतलं. मिस्त्री, आमच्या शटरची मोटर सेंट्रल आहे आणि वायर कुठेच दिसत नाही. बॉक्स उघडायला तुम्ही याल का?

शटरमिस्त्री

येतो काका, शनिवारी सकाळी. शिडी माझी आणतो. वायर खाली घेऊन भिंतीला हुक मारू, वहिनींचा हात पोचेल अशा उंचीवर. त्यांना घरी थांबायला सांगा, हुक त्यांच्यासमोरच मारायचा.