मदत हवी आहे: रात्री घरात झोपणारं, केस कमी गळणारं आणि तरी राखण करणारं कुत्रं कोणतं घ्यावं?

मळेवाला:

मंडळी, कुत्रं घ्यायचंय. ‘कोणती जात घेऊ’ असे जुने धागे वाचून काढले, पण बहुतेक फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे आहेत. आमची अडचण वेगळी, म्हणून नवा धागा.

आम्ही जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून आत, मळ्यात राहतो. तिन्ही अंगांना ऊस. शेजारचं घर हाक ऐकू जाईल न जाईल इतक्या अंतरावर. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (थोरली चौथीत, धाकटा अजून बालवाडीतही नाही) आणि आई. आईला जुना दमा आहे, पंप कायम उशाशी असतो.

राखण कशाची? विहिरीवरची केबल चोरीला जाते. आमची गेली, चुलत्यांची गेली. आत तांबं असतं, त्यावर डोळा. शिवाय घरामागे कांद्याची चाळ आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी भरणं करायला रानात आणि घरी ही, आई आणि पोरं. अंगणात कोणी आलं तर घरात कळावं, एवढीच अपेक्षा. चावरं कुत्रं नको. कामाला बायका येतात, दूध घालायला माणसं येतात, पोरीच्या मैत्रिणी येतात.

मग बाहेर बांधा की, असं कोणी म्हणण्याआधी सांगतो: इथं बाहेर कुत्रं टिकत नाही, वाघ नेतो. (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.) आधीचा अल्सेशियनचा क्रॉस ओट्यावर साखळीला असायचा. सकाळी साखळी होती, पट्टा तुटून पडलेला होता. तेव्हापासून घरात ठरलंय की कुत्रं आणायचं तर अंधार पडल्यावर आत घ्यायचं. आणि आत घ्यायचं म्हटलं की आईचा प्रश्न येतो. त्या अल्सेशियनचे केस उन्हाळ्याच्या तोंडावर मुठीमुठीनं निघायचे. तो उंबऱ्याच्या आत येत नव्हता, तरी सतरंजीवर, आईच्या शालीवर, एकदा तर पापडाच्या लाटीत केस सापडला. त्या दिवशी झालेलं बोलणं इथं लिहीत नाही.

आतापर्यंत नावं आली ती अशी: लॅब्राडोर (सगळेच सुचवतात), ल्हासा (मामाकडे आहे), डॉबरमन, कारवानी आणि पूडल. पूडल पुण्याच्या साडूंनी सुचवलं, ते ऐकून बायको अजून हसतेय. बजेट बेताचं आहे, पण कुत्रं सरळ असेल तर थोडं वरखाली चालेल. अनुभव असलेल्यांनीच सांगा. फोटो पाहून सांगू नका.

—

सोलापूरकर:

लॅब पहिल्या फेरीत बाद करा. केस आखूड दिसतात म्हणून लोक फसतात. त्याला आतून दाट लोकरीसारखा दुसरा थर असतो, तो वर्षभर गळतो आणि ऋतू बदलताना जास्तच. पग, बीगल, डाल्मेशियन यांचंही तेच: केस आखूड आणि गळती भरपूर. राखणीचं म्हणाल तर लॅब चोराला बॅटरी धरून विहिरीपर्यंत सोबत करेल.

आमच्या घरात वडिलांच्या काळापासून कारवानी आहेत, कर्नाटकात ज्यांना मुधोळ म्हणतात तीच. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात नावारूपाला आणली. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉगबरोबर हाही होता. केस अगदी आखूड, अंगाला चिकटलेले, आतला थर जवळजवळ नाहीच. ओल्या फडक्यानं पुसला की झालं. अंगाला वासही नसतो. घरात कोपरा धरून दिवसभर झोपतो. आवरायला इतकं सोपं कुत्रं मी दुसरं पाहिलं नाही.

आता वाईट बाजू. हा शिकारी आहे, डोळ्यानं शिकार धरणारा. ससा, मांजर, कोंबडी, काहीही पळालं की हा मागे, मग तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. रोज मोकळं पळायला लागतं. साखळीला बांधलात तर वर्षभरात चिडका होतो. परक्याशी फटकून वागतो, अंगाला हात लावू देत नाही, पण उगाच भुंकत बसत नाही. काही कारवानी तर इतके गप्प की चोर आला काय नि पाहुणा आला काय, नुसते उठून उभे राहतात. म्हणून पिल्लू घेताना आई कशी आहे ते बघा, भुंकते का ते बघा. पश्मी, म्हणजे कानाशेपटीला झालरीसारखे लांब केस असलेले, तुम्ही घेऊ नका.

आणखी एक. निरोगी कारवानीच्या बरगड्या दिसतात. येणारा-जाणारा तुम्हाला ‘खायला घालत नाही का’ असं विचारणारच. आणि अंगात चरबी नसल्यामुळे ऑपरेशनच्या वेळी भुलीचं औषध बेतानं द्यावं लागतं, हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

—

रानवाट:

वाघाचा मुद्दा बाकीच्यांनी गंमत म्हणून घेऊ नये. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला होता. वजनाच्या हिशोबानं त्याच्या पोटात गेलेल्यांत ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्याच्याही मागे. म्हणजे मळ्यात बाहेर बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते उलट बिबट्याला अंगणात बोलावतं, आणि त्या अंगणात तुमचं लहान पोर खेळतं. तुमचा ‘आत घ्यायचं’ हा निर्णय एकदम बरोबर आहे. जात कुठलीही असो, यात फरक पडत नाही. डॉबरमन घेतला म्हणून बिबट्या विचार बदलणार नाही.

फक्त एक समजून घ्या. आत झोपणारं कुत्रं घर राखेल, चाळ राखेल, विहीर राखणार नाही. विहिरीचा प्रश्न केबल पाइपातून खोल पुरून, वर सायरन लावून सोडवा. तो कुत्र्याच्या गळ्यात बांधू नका.

—

पशुवैद्य_ग्रामीण:

दम्याबद्दल लिहितो, कारण धाग्यात केस आणि ॲलर्जी एकच धरून चाललंय.

कुत्र्याची ॲलर्जी केसाची नसते. त्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्यातलं मुख्य कॅन एफ १. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते, तिची बारीक पूड हवेत उडते. केस हे फक्त वाहन. त्यामुळे केस कमी गळले तर झाडलोट कमी होते, केसाबरोबर घरभर पसरणंही कमी होतं, पण ‘ॲलर्जी न देणारी जात’ म्हणून जे विकतात तसं काही नसतं. अमेरिकेत आणि नेदरलँडमध्ये अशा जातींच्या घरांतली धूळ तपासली, तर इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कॅन एफ १ एकूणात कमी निघालं नाही. पूडल किंवा ल्हासाचा गळलेला केस खाली न पडता लोकरीतच अडकतो, कोंडाही तिथेच राहतो. नियमित विंचरलं-धुतलं तरच उपयोग.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे. कॅन एफ ५ नावाचं एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही माणसांना फक्त त्याचीच ॲलर्जी असते. अशांना मादी चालून जाते. म्हणून निवड करायचीच असेल तर आधी मादी, मग जात.

आणि त्याही आधी आई. आईंना मुळात कुत्र्याची ॲलर्जी आहे का? मळ्यातल्या दम्यामागे धूळ, परागकण, चुलीचा धूर, कांद्याच्या चाळीतली बुरशी यांपैकी काहीही असू शकतं. छातीच्या डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या. पिल्लू पक्कं करण्याआधी त्या घरी आईंना दोन-तीनदा नेऊन तास-दोन तास बसवा. त्रास झाला तर पुढं जाऊ नका. पिल्लू आणून मग सोडून देणं सगळ्यांनाच जड जातं.

आल्यावर आईंच्या खोलीत कुत्र्याला कधीच प्रवेश नाही. कुत्रीचं अंथरूण पडवीच्या आतल्या बाजूला, धुता येईल अशा गोणपाटाचं. आठवड्याला आंघोळ आणि विंचरणं अंगणात, तेही आईंनी नाही.

—

चिमणचारा:

ल्हासाची बाजू मांडते. तिबेटात मठांच्या आत राखण करायलाच ठेवायचे यांना, कान फार तिखट. जिन्यावर पाऊल वाजलं की आमची सुरू. केसही फारसे गळत नाहीत. पण दादा, उसाच्या रानात ल्हासा नको. रोज विंचरलं नाही तर गुठळ्या होतात, पावसाळ्यात कातडी खराब होते आणि कुसळं कानात, बोटांच्या बेचक्यात शिरतात ती निराळीच. एकदा कानातून कुसळ काढताना पाहिलंय मी, परत नको.

पूडलला मात्र हसू नका. मोठा पूडल चांगला गुडघ्याच्या वर येतो आणि डोक्यानं तल्लख असतो. फक्त दीड-दोन महिन्यांनी केस कापून घ्यायला पुण्याला न्यावा लागेल.

—

मळेवाला:

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद बायकोला आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवला. चाळीतल्या बुरशीचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कांदा हलवताना आईला धाप लागते हे खरं आहे. तपासणीची वेळ घेतलीय.

रानवाट, विहिरीचं पटलं. केबल या उन्हाळ्यात पुरून टाकतो.

माझं मन कारवानीकडे झुकलं होतं. पण आईच्या कोंबड्या आहेत, पंधरा-वीस, मोकळ्या. सोलापूरकरांचं ‘पळालं की मागे’ वाचल्यावर आई म्हणाली, “त्याला आणा, मी माहेरी जाते.” तेव्हा कारवानी रद्द. डॉबरमनबद्दल कोणीच बोललं नाही, का?

—

सोलापूरकर:

कोंबड्या असतील तर तुमच्या आईंचं बरोबर आहे. लहानपणापासून सवय लावलेले काही असतात, पण मी हमी घेणार नाही.

डॉबरमन राखणीला उत्तम, गळती बेताची. पण त्याला रोज काम आणि शिस्त लागते आणि तुम्ही रात्रभर रानात. शिकवलं नाही तर कामवाल्या बायका फाटकाबाहेरच उभ्या राहतील. त्या जातीत हृदयाचं दुखणंही बरंच आढळतं.

—

रानवाट:

गावठीचं नाव यादीतच नाही याचं नवल वाटलं. तुमच्या वाडीत एखादी गावठी कुत्री असेल, जी माणसात वाढलीय, पोरांच्या अंगावर येत नाही, कोंबड्यांत फिरते आणि अनोळखी दिसला की आधी भुंकते. तिचं मादी पिल्लू घ्या. केस आखूड. ऋतू बदलताना थोडे गळतात, पण अल्सेशियनच्या पासंगालाही नाही. आपली हद्द सांभाळणं तिच्या रक्तात असतं. आणि खिडकीच्या आतून भुंकणारं कुत्रं केवढं आहे, हे चोराला अंधारात कुठं दिसतंय?

—

मळेवाला:

आहे तशी! चुलत्यांच्या वस्तीवर. तांबूस, उभ्या कानांची, कोंबड्यांतच वाढलेली. दिवाळीत व्याली, पाच पिल्लं आहेत, दोन माद्या. रात्री चुलते सगळ्यांना गोठ्यात कोंडतात. इतके दिवस आम्ही इंटरनेटवर शोधत बसलो होतो.

रविवारी आईला तिकडे घेऊन जातो. डॉक्टर, लस आणि बाकीचं काय लक्षात ठेवू?

—

पशुवैद्य_ग्रामीण:

दोन महिने पूर्ण होईपर्यंत आईपासून तोडू नका. चावायचं किती आणि थांबायचं कुठे हे पिल्लू भावंडांतच शिकतं आणि घरात लहान मूल आहे. पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर, नंतर बूस्टर आणि दरवर्षी. गावठी आहे म्हणून लस टाळू नका, पार्व्हो जात बघत नाही. जंताचं औषध पहिल्या भेटीतच. उसात फिरणार म्हणजे गोचीड लागणारच, कान आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपा. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी आणा, गोचीड-तापात दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.

नसबंदीचं वय आपण पिल्लू पाहून ठरवू. आणि पहिल्या दिवसापासून दिवेलागणीला आत घ्यायची सवय लावा, मोठी झाल्यावर ऐकत नाहीत.