एई-२ पाणबुडी मारमाराच्या तळाशीच ठेवायची का?

दर्यासारंग
पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाकडे दोनच पाणबुड्या होत्या. एई-१ सप्टेंबर १९१४ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या रबाउलजवळ ३५ जणांसह बुडाली आणि थेट २०१७ मध्ये सापडली. ती कबर आहे, तिला हात लावू नये. त्यावर वाद नाही.

धागा एई-२ साठी काढलाय. २५ एप्रिल १९१५ ला, तुर्कस्तानच्या गॅलिपोलीवर सैन्य उतरत असताना, डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरून, सुरुंगांखालून ती पार करून दुसऱ्या दिवशी मारमारा समुद्रात पोचलेली दोस्त राष्ट्रांची ही पहिली पाणबुडी. ३० एप्रिलला तिचा तोल सुटला, ती पाण्यावर आली आणि 'सुलतानहिसार' या तुर्की टॉर्पेडो बोटीने तिला भोकं पाडली. कॅप्टन स्टोकरने सगळ्यांना बाहेर काढून मगच तिला जलसमाधी दिली. ३२ च्या ३२ जण जिवंत पकडले गेले (पुढे चौघे कैदेत वारले). म्हणजे आत कुणाचेही अवशेष नाहीत. १९९८ मध्ये ७३ मीटरवर सापडली, बोटीचा सांगाडा बऱ्यापैकी शाबूत. तरी ठरलं काय? गंज थोपवायला जस्ताचे ठोकळे लावा, वर बोया (तरंगती खूण) सोडा, संपलं. पेशंटला सलाइन लावून वॉर्डात विसरून जावं तसं. माझं स्पष्ट मत: वर काढा.

गंजका खिळा
साफ असहमत. आधी हॉलंड-१ चं काय झालं ते बघा. ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी, १९०१ ची. १९१३ मध्ये ४१० पौंडांना भंगारात विकली, ओढून नेताना एडिस्टन दीपस्तंभाजवळ बुडाली. १९८२ मध्ये वर काढली, गंजरोधक रसायनं फासली, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या संग्रहालयात मांडली. सगळे खूश! पण सत्तर वर्षं समुद्रात राहिलेल्या लोखंडात क्लोराइड मुरलेलं असतं. हवा आणि दमटपणा मिळाला की ते आतून कामाला लागतं, पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागतात. दहा-बारा वर्षांत अशी दशा झाली की भोवती फायबरग्लासची टाकी बांधून तिला सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात काही वर्षं बुडवून ठेवावं लागलं. म्हणजे पाण्यातून काढून परत पाण्यातच! २००१ मध्ये कुठे आर्द्रता सांभाळणाऱ्या इमारतीत गेली. आणि ती जेमतेम ११० टनांची. एई-२ साडेसहाशेच्या वर.

मधली आळी
पण वाचली ना शेवटी? आज लोक ती आतून बघतात. एवढ्याशा नळकांड्यात आठ माणसं, शेजारी पेट्रोलचं इंजिन, आणि वाफा साठल्या तर आधी कळावं म्हणून पांढरे उंदीर. फोटो बघून हे कळत नाही.

आणि 'तळाशी सुरक्षित' वगैरे म्हणू नका. तिचीच बहीण हॉलंड-५, १९१२ मध्ये बुडाली, ससेक्सच्या किनाऱ्याजवळ तशीच ठेवली, कायद्याचं संरक्षणही दिलं. २०१० मध्ये बघतात तर टॉर्पेडो नळीचं झाकण चोरीला!

गंजका खिळा
ती तीसेक मीटरवर, हौशी पाणबुडे सहज जातात. ७३ मीटरला जायला वेगळी तयारी लागते. मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांचा धोका मात्र मान्य. बोया त्यासाठीच आहे.

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवा, पैसे कोण देणार? बोट ऑस्ट्रेलियाची, समुद्र तुर्कस्तानचा. आपली जुनी विमानवाहू विक्रांत तर बुडालीही नव्हती. मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तरी कुणाला झेपली नाही, २०१४ मध्ये मुंबईतच दारूखान्याला, जिथे जहाजं तोडतात तिथे, तोडली. तेव्हा हळहळणारे खूप होते, चेक फाडणारं कोणी नव्हतं.

दर्यासारंग
विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर आहे की. रांगा लागतात बघायला. इच्छा असली की होतं.

गंजका खिळा
अहो, कुरसुरा धडधाकट निवृत्त झाली, शंभर वर्षं खाऱ्या पाण्यात नव्हती. उद्या एई-२ वर आलीच, तर पंचावन्न मीटरची टाकी कुठे बांधायची, तुर्कस्तानात चानाक्कालेला की सिडनीला, तेवढं आधी सांगा.