दगडफुलाचा अर्क: ॲसिटोन बंद करायचा की नाही?

काळामसाला_सोलापूर: आपल्या काळ्या मसाल्यात पडतं ते दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधारानं जगतात ते. त्यात ॲट्रॅनोरिन नावाचं द्रव्य असतं, उस्निया नावाच्या दुसऱ्या लायकेनमध्ये जंतू मारणारं उस्निक ॲसिड. औषधासाठी, कॉस्मेटिकसाठी हे काढतात, पण कशात, तर हेक्झेन नाहीतर ॲसिटोन या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रव्य विरघळवून घेणाऱ्या द्रवात. हेक्झेनच्या वाफेत रोज काम करणाऱ्याच्या नसा खराब होतात आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ॲसिटोनचे ड्रम म्हणजे जीवाशी खेळ आहे. बंद करा सरळ. कोलीन क्लोराईड आणि लॅक्टिक ॲसिड मिसळलं की दाट द्रव होतो, त्यात पूड टाकून अल्ट्रासाउंड लावा. भडका उडायची भीती नाही.

लॅबवाला_भाऊ: हेक्झेनचं मान्य, पण तुमचा तो पाकासारखा द्रव उडून जात नाही की ओ! ॲसिटोन 56 डिग्रीला उकळतो, वाफ थंड केली की तोच परत वापरता येतो आणि खाली नुसतं द्रव्य उरतं. तुम्ही पाणी ओतून ते खाली बसवणार, मग ते आंबट सांडपाणी कुठं सोडणार? इथं प्यायचं पाणी रोज येत नाही.

काळामसाला_सोलापूर: क्रीममध्येच घालायचं तर वेगळं काढायचं कशाला, द्रवासकट घाला. शुद्धच पाहिजे असेल तर कार्बन डायऑक्साईड वापरा, 31 डिग्रीच्या वर आणि 74 बारच्या पुढं नेला की तो सॉल्व्हंटसारखा वागतो, दाब सोडला की गॅस होऊन निघून जातो.

लॅबवाला_भाऊ: एवढा दाब झेलणारं मशीन छोट्या युनिटला परवडणार आहे का, सांगा की.

रानवाटा_ताई: भाऊ, दादा, दोघंही सॉल्व्हंटवर भांडताय, माल येतो कुठनं ते कोणीच बोलेना. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटर वाढतं आणि आपण डोंगरातल्या झाडाखडकांवरनं खरवडून पोत्यानं आणतो. मग अर्क कशातही काढा, त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ वळत नाही. ही द्रव्यं बुरशीच्या तंतूंवर बाहेरनंच स्फटिक होऊन बसलेली असतात. 1996 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी झॅन्थोरिया नावाचं पिवळं लायकेन कोरडं असताना ॲसिटोननं धुतलं, रंगद्रव्य निघालं आणि लायकेन जिवंत राहिलं! तुम्ही पूड करता तिथंच ते मरतं.

काळामसाला_सोलापूर: ताई, हे खरंच भारी आहे, पण लॅबमधल्या तुकड्याला जमलं म्हणून पोत्याला जमेल का? आणि ॲसिटोनची आग राहतेच.

रानवाटा_ताई: पोतं पाहिजेच कशाला? बुरशी वेगळी करून लॅबमध्ये वाढवता येते, हळू वाढते, काही वेळा पाहिजे ते द्रव्य बनवतच नाही, पण पैसा तिथं लावा ना.