मदत हवी आहे: पहाटे डोंगरावर लग्न, मग उरलेला दिवस?

सूर्योदयाला दोघांनीच डोंगरावर लग्न केलं की ८ पर्यंत सगळं आटोपतं. जोडपं पहाटे ३ पासून जागं, पोट रिकामं आणि हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी २ नंतरच मिळते. त्यामुळे खोली आदल्या रात्रीपासूनच घ्यायची, उतरल्यावर भरपेट न्याहारी आणि दोन तास झोप, एवढं पक्कं. दवाने भिजलेला झग्याचा घेर झोपण्याआधीच वाळत घालायचा, नाहीतर सूर्यास्ताच्या फोटोंना तो चिखल धरतो आणि पायात येतो.

घोळ आहे तो १२ ते ४ चा. ऊन डोक्यावर, म्हणजे चेहऱ्यावर काळ्या सावल्या; उन्हाळ्यात दुपारी माथ्यावर विजांचा धोका, म्हणून पुन्हा चढणं नकोच. तळ्याकाठी बसणं, घरच्यांना व्हिडिओ कॉल करणं याखेरीज न दमवणारं काय सुचवाल?